कासवाला रात्री बावीस अंश लागतात

अक्का लातूरहून आली ती एक बॅग आणि बुटाचं एक खोकं घेऊन. बॅग तिने दारातच टाकली आणि खोकं छातीशी धरून आत आणलं. आईला वाटलं, लेकीने काही खायला आणलंय. झाकण काढलं तर आत लाकडाच्या भुशावर कासवाचं पिल्लू. मोठ्या लिंबाएवढं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या, मान आत, पाय आत.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"ह्याला थंडी सोसत न्हाई. आधी खिडकी लाव," अक्का म्हणाली.

स्वतःबद्दल ती दोन दिवस काहीच बोलली नाही.

लातूरला रेल्वेने पाणी आणायची पाळी आली, त्याच्या आधीचा हा हिवाळा. उदगीरला आमच्या गल्लीत टँकर दहा-बारा दिवसांनी यायचा. मी तेवीस वर्षांची होते आणि उदगीर वेगळा जिल्हा झाला पाहिजे या मागणीची पत्रकं लिहायचे. नांदेडला कॉलेजात होते तेव्हापासूनची ती सवय. छापून आणायचे तेही तिथल्याच एका ओळखीच्या छापखान्यातून. पत्रक लिहायला मला शिकवलं होतं ते असं: पहिल्या ओळीत अन्याय, दुसरीत आकडा, तिसरीत जबाबदार कोण. भावना शेवटी, जागा उरली तर. तिसऱ्या दिवशी अक्का बोलायला लागली तेव्हा मी तिचंही त्याच क्रमाने ऐकलं.

तिच्या सासरी टाइल्सचं दुकान. पाणी नाही म्हणून लातुरातली बांधकामं थांबलेली, आणि घरच कोणी बांधत नसेल तर टाइल्स कोण घेणार? दुकान बसलं. मग कोणीतरी सासूबाईंना सांगितलं, घरात उत्तरेला जिवंत कासव ठेवा, गिऱ्हाईक आपोआप येतं. ही जयभीम घालणारी माणसं बरं का. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, आणि त्या फोटोखाली टेबलावर काचेचं भांडं, भांड्यात पाणी, पाण्यात कासव. चांदण्यांचं कासव जमिनीवरचं असतं. पोहायला त्याला येत नाही. ते बिचारं दिवसभर काचेवर नखं घासत उभं राहायचं. घरातले झोपले की अक्का त्याला काढून टॉवेलवर ठेवायची आणि पहाटे उठून परत पाण्यात सोडायची. एक दिवस तिला पहाटे जाग आली नाही. सासूने रिकामं भांडं बघितलं, आणि दुकान का चालत नाही याचं उत्तर त्या घराला एकदाचं सापडलं.

"दोन दिवस माहेरी जाऊन ये," असं दाजी म्हणाले. निघताना अक्काने कासव उचललं. कोणी अडवलं नाही. एसटीत तिने खोकं मांडीवर ठेवलं होतं आणि कंडक्टरने विचारलं तर चपला आहेत म्हणून सांगितलं.

दोनाचे पंधरा दिवस झाले. मग दाजींचा फोन आला. घर एवढंसं, फोनचा आवाज मोठा, त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच ऐकला.

"कासव कसंय?"

"बरंय."

"खायलंय का?"

"खायलंय."

"हां. मग संक्रांत झाल्यावर येतो, त्या रविवारी. आई म्हणती, दोघांलाबी घेऊन ये."

दोघांला म्हणजे अक्काला आणि कासवाला. ज्या कोणी कासव ठेवायला सांगितलं होतं त्यानेच आता सांगितलं होतं की घरातून कासव गेलं म्हणजे फारच वाईट झालं.

"आन् कासव नसलं तर?" अक्काने विचारलं.

"नसलं तर म्हंजे? हाय ना?"

"हाय."

"मग झालं की," दाजी म्हणाले आणि फोन ठेवला. तू कशी आहेस, हे विचारायचं राहिलं असावं.

माझं डोकं सणकलं. फोन तिच्या हातातून घेऊन लगेच उलटा लावणार होते, तिने दिला नाही.

"कासवाच्या भरवशावर नांदायला जातीस तू?"

"तू जिल्ह्याच्या भरवशावर बसलीसच की."

"जिल्हा आमची मागणी हाय. हक्काची."

"मग माझीबी मागणीच समज. तिथं माझी शिलाई मशीन हाय, माझं कपाट हाय, माझी खिडकी हाय. हितं काय हाय? ड्रम."

घरात खरोखरच ड्रम होते. पुढची खोली पत्र्याची, तिथे पप्पा आणि मी झोपायचो, आणि माझे पत्रकांचे गठ्ठे. मागची खोली स्लॅबची, तिथे पाणी. निळे ड्रम, घागरी, जुना कूलर, त्याचीही टाकी पाण्याने भरलेली. बाहेर ठेवलं तर चोरीला जातं म्हणून सगळं पाणी आत. ड्रम आणि भिंत यांच्यामध्ये एक बाज बसेल एवढी जागा, तिथे आई आणि अक्का. बाजेच्या पायथ्याशी, शहाबादी फरशीवर, आता कासवाचं खोकं.

कासव संक्रांतीपर्यंत जगवायचं, एवढंच अक्काला हवं होतं. आणि मला काय हवं होतं? खरं लिहायचं तर त्या फोननंतरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मनात आलं होतं की मेलं तर बरं होईल. मेलं की ही त्या घरात परत जाणार नाही. हा विचार मी कोणाला बोलून दाखवला नाही. पण तो आल्यानंतर मी कासवाच्या कामाला जरा जास्तच जोराने लागले.

पत्रकं आणायला नांदेडला गेले तेव्हा तिथल्या एका मासे विकणाऱ्या दुकानात शिरले. काचेच्या पेट्या, बुडबुडे, आणि गल्ल्यावर पान खाणारा माणूस. मी म्हटलं, एका ओळखीच्या बाईकडे चांदणीचं कासव आहे.

"ओळखीच्या बाईकडं?" तो हसला. "पाळायला बंदी हाय त्याला. जेल होती, मॅडम. केवढंय?"

"लिंबाएवढं."

"मग पिल्लूच की. मोठं असलं तर सोसतं. पिल्लाला रात्री बावीसच्या खाली जाऊ द्यायचं न्हाई. आन् रात्री बल्ब लावू नका, उजेडात झोपत न्हाई ते. नुसती ऊब पायजे." मग आवाज खाली करून म्हणाला, "आणखी एखादं लागलं तर सांगा. मागवून देतो."

कायदा आणि धंदा एकाच तोंडाने. ह्यावर एक पत्रक होऊ शकतं, असं मला बसमध्ये वाटलं. पण आकडा मिळाला होता. बावीस.

रात्री जेवताना सांगितलं तर पप्पा हसले. पप्पा एसटीत कंडक्टर. हसायची त्यांची सवय ड्यूटीने मोडली होती, पण त्या दिवशी हसले. "बावीस? मग सोपं हाय. आपल्या घरात बावीस पाळायची सवयच हाय." बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांवरून म्हणत होते ते. आई म्हणाली, "ज्यांनी पाळायच्या त्यांनी उत्तरेला कासव मांडलं." अक्का ताटावरून उठून गेली.

बावीस अंश सांभाळायचे तर मोजायला काहीतरी हवं. ज्या कृषी सेवा केंद्रात मी पत्रकं ठेवायचे तिथे खताच्या कंपनीने भेट दिलेला एक पत्र्याचा तापमापक धूळ खात पडला होता. तो मागून आणला. मागच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. कॅलेंडर काढलं आणि तापमापक टांगला. वाचायला सोपा, लाल रेघ लांबून दिसायची.

नोंदी ठेवायला कागद विकत कशाला घ्यायचा? उरलेली पत्रकं होती, एका बाजूने कोरी. त्यांची वही शिवली. रात्री दहा, दोन आणि पहाटे पाच. दोनला अक्का उठायची, बाकीच्या वेळा माझ्या.

ऊब कशाची द्यायची हा खरा प्रश्न होता. हीटर घ्यायची ऐपत नव्हती, आणि असता तरी रात्रीचं भारनियमन. आईने सलाइनच्या दोन रिकाम्या बाटल्या शोधल्या. त्यांत गरम पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि खोक्यात दोन बाजूंना ठेवायचं. पाणी सांडायची सोय नव्हती. रात्री तापवलेलं पाणी सकाळी पातेल्यात ओतायचं आणि रात्री तेच परत. आठ-आठ दिवस तेच पाणी. शेवटी त्याला बाटलीच्या रबराचा वास यायचा. अक्का पातेलं झाकून ठेवायची, कोणी चुकून प्यायला नको म्हणून.

आणि आकडे चांगले येत होते. दहाला चोवीस. दोनला तेवीस. पाचला बावीस, कधी साडेबावीस. मी अभिमानाने सांगायचे, "बघ, बावीसच्या खाली एकदाबी न्हाई." बाहेर लोक शेकोट्या पेटवून बसत होते आणि आमच्या मागच्या खोलीत बावीस. आईच्या गोधडीवर गोधडी चढत होती, पण ती बोलली की मी वही दाखवायचे. "तुझं वय झालं म्हणून थंडी वाजायली."

शेजारी एक चाचा राहायचे. रंगवलेली कोंबडीची पिल्लं बाजारात विकायचा धंदा, गुलाबी, हिरवी. एकदा अंगणात आले, अक्का कासवाला उन्हात घेऊन बसली होती.

"रात कू क्या करते इसका?"

मी वही दाखवली. आकडे वाचून दाखवले. चाचांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी ऐकून घेतलं.

"बेटी, मीटर कू थंडी नै बजती. जानवर कू बजती. मेरे चूजे एक जगा ढिगारा करके बैठे तो समझना थंडी है. दूर भागे तो गरम. मैं तो कब्बी मीटर नै देखा."

"चाचा, पिल्लं तुमची मरतात की रोज दोन-चार," मी म्हटलं.

"मरते," चाचा म्हणाले. "लेकिन मेरे कू मालूम रैता, कायकू मरे."

मी हसले. अक्का हसली नाही. रात्री तिने मला विचारलं, "ते बाटलीला चिटकून बसतंय गं. सारखं बाटलीच्या खाली शिरायलंय. चाचा म्हणले तसं तर न्हाई ना?"

मी उठून खिळ्याकडे बघितलं. "तेवीस हाय. झोप."

डिसेंबर संपता संपता त्याने खाणं सोडलं. भाजी दुष्काळात परवडायची नाही, तरी अक्का बाजार उठायच्या वेळेला जाऊन पालकाच्या जुड्यांमधून गळलेली पानं वेचून आणायची. आधी ते पान ओढून ओढून खायचं. आता नुसतं त्यावर तोंड टेकवून बसायचं. डोळे अर्धे मिटलेले. नाकपुडीला एक बुडबुडा यायचा आणि फुटायचा.

मी वनखात्याच्या एका नंबरवर फोन लावला. नाव न सांगता विचारलं, असं कासव सापडलं तर काय करायचं?

"अर्ज करायचा आन् घेऊन लातूरला यायचं."

"उदगीरला देता येत न्हाई?"

"घेणारे साहेब लातूरला बसतात."

मी फोनवरच भांडले. एका कागदासाठी, एका सहीसाठी, एका कासवासाठी आम्ही किती दिवस लातूरला खेटे घालायचे? समोरचा माणूस म्हणाला, "ताई, मी काय करू? मीबी उदगीरचाच हाय." मी फोन आपटला आणि मला बरं वाटलं. आमच्या मागणीचा याहून चांगला पुरावा कुठला मिळणार होता?

अक्काने सगळं ऐकलं होतं. "लातूरला न्यायचंच हाय," ती म्हणाली. "पण हाफिसात न्हाई, घरी. आता बारा दिवस राहिले."

दोन तासांची एसटी. पप्पांच्याच गाडीत बसून मी नेऊ शकले असते. तिथे निदान कोणाला तरी माहीत असतं, कासवाला काय झालंय. अक्का नको म्हणाली, हे खरं. पण मी आग्रह केला नाही तो अक्कासाठी नाही. लातूरला जायचं नाही, हा माझा हट्ट होता.

पौषातली ती थंडी मराठवाड्यात नेहमीची. दिवसा स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे दात वाजतात. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस सकाळी सातला चाचा पाणी मागायला आले. त्यांच्याकडचं संपलं होतं. आईने मागच्या खोलीत या म्हटलं. चाचा चपला बाहेर काढून आत आले, दोन पावलं टाकली आणि पाय उचलला.

"अगे मा! ये फरशी है के बरफ?"

आम्हाला सवय झाली होती. आम्ही घरात मोजे घालायचो, अक्का स्लिपर. चाचा ड्रमला हात लावून बघत होते. मग वाकले आणि खोक्यात हात घातला. भिंतीशी गेले, खिळ्यावरचा तापमापक काढला आणि खोक्यात भुशावर ठेवला. मी म्हणाले, "चाचा, कालच्या रात्रीची नोंद..." त्यांनी हात केला, थांब.

आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. लाल रेघ बावीसवरून वीसवर आली. अठरा. आई घागर हातात धरून उभी. सोळा. रेघ हळूहळू उतरत होती, कोणी घाई नाही. तेराच्या जरा वर येऊन थांबली.

पश्चिमेची भिंत. दुपारभर तिच्यावर ऊन, मागच्या बाजूने आमची चूल. ती रात्रभर गरम राहायची. मी एवढे दिवस भिंत मोजत होते. खाली, बर्फासारख्या पाण्याच्या ड्रमांच्या मधे, दगडाच्या फरशीवर, खोक्याच्या पातळ पुठ्ठ्यावर, जिथे ते होतं तिथे मी एकदाही मोजलं नव्हतं. बाटल्या तासा-दीड तासात गार व्हायच्या, आणि मग पहाटेपर्यंत त्याही त्याच्याभोवती गार पाण्याच्याच.

अक्काने वही उचलली. तिला आकडे बघायचे होते. पानं उलटली गेली आणि मागची बाजू वर आली, छापलेली. गेल्या पावसाळ्यातलं माझं पत्रक. आमच्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक ज्या गावात बसवलंय तिथे पाऊस पडला आणि आमचं शिवार कोरडं राहिलं, तरी कागदावर पाऊस झाला, म्हणून आम्हाला दुष्काळ नाही. जाड अक्षरात मी लिहिलं होतं: माप जिथे ठेवाल तिथलंच सांगतं! माप ठेवणाऱ्याला जाब विचारा! दोन उद्गारचिन्हं. ते पत्रक लोकांना आवडलं होतं.

अक्काने ते वाचलं की नाही, मला माहीत नाही. तिने वही मिटून ड्रमवर ठेवली.

"पाणी घेऊन जा चाचा," ती म्हणाली. "दोन घागरी न्या."

त्यानंतर खोकं फरशीवर ठेवलं नाही. अक्काने कासव ब्लाउजमध्ये घातलं, उराशी, आणि वरून शाल. दिवसभर तशीच. स्वयंपाक तशीच करायची, वाकायची नाही. झोपायची बसून, भिंतीला टेकून, त्या गरम भिंतीला. मी तिला म्हटलं, आता मी घेते थोडा वेळ. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू न्हाई." रागाने नाही. सांगावं तसं.

जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. बॅटरी लावून त्यांनी तोंड बघितलं, नाक बघितलं.

"छातीत भरलंय ह्याच्या," ते म्हणाले. "माझ्याकडं म्हशीचं इंजेक्शन हाय, शेळीचं हाय. ह्याला किती द्यायचं, मला खरंच माहीत न्हाई. थेंबभर जास्त झालं तर जाईल, कमी झालं तर उपयोग न्हाई."

"द्या," अक्का म्हणाली.

"बघा हं."

"द्या. तसंबी जायलंच हाय."

त्यांनी दिलं. केसपेपरवर काही लिहिलं नाही. निघताना म्हणाले, "ताई, मी हे जनावर बघितलेलं न्हाई. तुमच्याच भल्याचं सांगायलो."

संक्रांतीच्या दिवशी त्याने एकदा मान बाहेर काढली. अक्काने मला हाक मारली, आईला हाक मारली. मान थोडा वेळ बाहेर राहिली आणि मग तशीच खाली टेकली. आत गेली नाही. आम्ही ते चांगलं लक्षण समजलो.

शुक्रवारी सकाळी ते हलेना. पण कासव मेलं हे कसं ओळखायचं? चाचा म्हणाले, थंडीत ही जनावरं मेल्यासारखी पडतात आणि उन्हात उठतात. त्यांनी ऐकलं होतं असं. अक्काने त्याला उन्हात ठेवलं. संध्याकाळी परत उराशी घेतलं. शनिवारी सकाळी परत उन्हात. आई तिच्यामागे फिरत होती. दुपारी माश्या आल्या. आईने तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि म्हणाली, "बाई, आता वास यायलाय."

तेव्हा अक्का बसली. रडली नाही. बसली फक्त.

मी खूप विचार केला होता, सकाळपासून. मी म्हटलं, "ऐक. नांदेडला तो दुकानवाला आणखी मागवून देतो म्हणलाय. उद्या येऊ दे त्यांना. दवाखान्यात ठेवलंय म्हणून सांगू, दोन दिवस थांबवू. दुसरं आणू. कोणाला कळायचंय? सगळ्यांच्या पाठीवर चांदण्याच असतात."

मी म्हटलं हे. आयुष्यभर खोट्या कागदांविरुद्ध भांडायचं ठरवलेल्या मी.

अक्काने माझ्याकडे बघितलं. "दुसरं आणून त्याला ठेवणार कुठं?"

"का? त्यांच्या घरी..."

"त्यांच्या घरी पाण्यात. न्हाईतर हितं फरशीवर. तिसरी जागा कुठली हाय, सांग मला. तू लई हुशार हाईस ना. सांग."

ती जागा मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी तिने स्वतः फोन लावला. सासरच्या लोकांना तिने स्वतःहून केलेला तो एकच फोन.

"मेलं," ती म्हणाली.

पलीकडे टीव्ही चालू होता. मग तो बंद झाला.

"कसं काय?"

"थंडीनं."

"तुला सांगितलं होतं नीट ठेव म्हणून."

"हो."

"एक जीव..." दाजी म्हणाले आणि थांबले. "बरं. आईला विचारून सांगतो."

"मी तयार राहू का उद्या?"

"सांगतो म्हणलं ना विचारून."

रविवारी ती तयार झाली. साडी नेसली, बॅग भरली, दारातल्या खुर्चीवर बसली. मी घरात थांबले नाही. सव्वीस जानेवारीला जिल्ह्याची घोषणा होणार अशी बातमी होती आणि आमची बैठक होती. बैठकीत मी भाषण केलं. टाळ्या पडल्या. परत आले तेव्हा चार वाजले होते आणि ती खुर्चीवरच होती. पप्पांची त्या दिवशी लातूर ड्यूटी. ते सातला आले, पिशवी खुंटीला लावली. अक्काने त्यांना काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "आजच्या दोन्ही फेऱ्यांत बघितलं मी. न्हाई आले."

आईने तिला जेवायला वाढलं. जेवली ती.

सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झालं, घोषणा झाली नाही. पुढच्या वर्षी होईल असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले, पत्रकातही लिहिलं. जिल्हा अजून झालेला नाही. दाजींनी त्यांच्या आईला विचारलं की नाही, तेही कळलेलं नाही. अक्का दोन महिने फोन चार्जिंगला लावून झोपायची, उशाशी, आवाज मोठा ठेवून. मग एक दिवस तिने सासूच्या शेजारणीला फोन करून "माझी मशीन कोणाबरोबर तरी पाठवा" म्हणून निरोप दिला. मशीन आली नाही. कपाट तिथेच आहे.

त्या हिवाळ्यात मी तिला एकदा म्हटलं होतं की चूक माझी झाली. ती कपडे वाळत घालत होती.

"हां," ती म्हणाली. "तुझीच."

आणि चिमटे मागितले.